गोवा ते उलिगामू, व्हाया कोची: बोटीवरच्या पाण्याची गोष्ट

रविवार, मांडवी

उद्या पहाटे निघायचंय आणि आज दिवसभर मी बोटीच्या पोटात आहे. बोट ४० फुटी, एका डोलकाठीची, ब्रिटोनाच्या बाजूला मांडवीत नांगरलेली. जाणार आम्ही चौघं, गोव्याहून कोची आणि तिथनं मालदीवच्या पार उत्तरेकडचं बेट उलिगामू. बोट काकांची, ते मूळचे रत्नागिरीचे, आख्खं आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, कॅप्टन म्हणून रिटायर झाले आणि मग ही शिडाची बोट घेतली. त्यांची पुतणी सेलिंग शिकवते, तिला वयाचा विचार न करता सगळे ताईच म्हणतात. माझा कॉलेजचा मित्र स्वयंपाक बघणार. आणि मी जहाजावर इंजिनिअर, सध्या सुट्टीवर, त्यामुळे इंजिन आणि पाणी ही दोन खाती आपसूक माझ्याकडे.

पाण्याचं खातं लोकांना फार छोटं वाटतं. बोटीत २०० लिटरच्या दोन टाक्या, चौघांना पिण्या-रांधण्याला रोजचे १५-१६ लिटर, म्हणजे कागदावर निवांत आहे. पण एखाद्या टाकीत खारं पाणी शिरलं किंवा पाईप फुटून रात्रीत सगळं बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, गेलं तर भर समुद्रात काय करणार? म्हणून वॉटरमेकर. समुद्राचं पाणी प्रचंड दाबाने मेंब्रेनवर, म्हणजे अतिबारीक गाळणी असलेल्या पातळ पडद्यावर, ढकलायचं, मीठ मागे राहतं आणि गोडं पाणी पलीकडे झिरपतं. समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा ऑस्मोटिक दाबच, म्हणजे मिठामुळे गोडं पाणी उलट खाऱ्याकडे ओढणारा जोर, २७ बारच्या आसपास असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब), त्यामुळे तेवढ्यावर तर काहीच होत नाही, आपण ५५ बारला चालवतो. घरच्या आरओत पाच-सहा बारला काम भागतं, त्यावरून अंदाज करा.

आमची रचना अशी: बोटीच्या तळाला सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायचा नळ, मग जाळीचा स्ट्रेनर, मग १२ व्होल्टचा छोटा बूस्ट पंप, मग २० मायक्रॉनचा फिल्टर, ५ मायक्रॉनचा फिल्टर, आणि मग मेन इंजिनवर बेल्टने फिरणारा हाय प्रेशर पंप. पुढे अडीच इंच जाड आणि ४० इंच लांब अशी गुंडाळलेली दोन मेंब्रेन, आपापल्या नळकांड्यात, एकामागे एक. शेवटी प्रेशर कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह, तिथनं उरलेलं जास्त खारं पाणी परत समुद्रात. तासाला ४०० लिटर आत घेतलं की ६० लिटर गोडं मिळतं. हा क्रम मी मित्राला आणि ताईला दोनदा म्हणून दाखवायला लावला, कारण काही बिघडलं की ह्याच क्रमाने, पुढून मागे जायचं असतं. मेंब्रेन सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, पाणी कमी झालं की आधी मेंब्रेन गेलं म्हणतात आणि महागडं नवीन मागवतात, आणि खरा दोष कुठल्यातरी शंभर रुपयांच्या रिंगेत असतो.

मित्र म्हणाला, "इथेच चालवून बघू ना, उद्या समुद्रात बिघडलं तर?" मी नाही म्हटलं. मांडवीत कसिनोच्या बोटी, बार्जेस, फेऱ्या, पाण्यावर डिझेलचा तवंग, खाली गाळ. गाळ फिल्टर अडवेल, पण तेल अडत नाही, ते मेंब्रेनवर बसलं की निघत नाही. काका लगेच म्हणाले, "बरोबर आहे हो, आमच्या जहाजावर तर किनाऱ्यापासून २० मैलांच्या आत फ्रेश वॉटर जनरेटर लावायचाच नाही असा नियम." जहाजावरचं यंत्र वेगळं, तिथे व्हॅक्यूम करून इंजिनच्या गरम पाण्यावर समुद्राचं पाणी कमी तापमानाला उकळवतात, पण आत काय येतंय त्याची काळजी दोन्हीकडे तीच.

सोमवार, किनाऱ्यापासून लांब

आग्वाद मागे पडलं तेव्हा सहा-साडेसहा वाजले असतील. मार्चची सकाळ, वारा जवळजवळ नाही, शीड वर आहे पण इंजिन चालूच. दुपारी किनारा दिसेनासा झाला, पाणी निळं झालं, तेव्हा सी-कॉक उघडला.

मेंब्रेन दोन महिने सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात ठेवलेलं होतं, नाहीतर आत जंतू वाढतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. असं ठेवलेलं मेंब्रेन सुरू करताना घाई करायची नाही. प्रेशरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून अर्धा तास नुसतं समुद्राचं पाणी फिरवलं, सगळं केमिकल बाहेर. मग अगदी हळूहळू व्हॉल्व्ह आवळत ५५ बार. गोड्या पाण्याचा पहिला भाग नेहमी फेकायचा, तो थेट सिंकमध्ये सोडला, टीडीएस मीटरवर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं) आकडा उतरत उतरत २४० वर थांबला. समुद्राच्या ३५,००० मधून २४०! हे मी कितीही वेळा बघितलं तरी मला भारी वाटतं. आपल्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतं, म्हणजे हे मजबूत चांगलं पाणी.

लगेच वहीत लिहिलं: वेळ, इंजिनचा आरपीएम, फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर, हाय प्रेशर, तासाला लिटर, टीडीएस, समुद्राचं तापमान. ताई म्हणाली एवढं कशाला, चाललंय ना नीट? नीट चाललंय म्हणूनच लिहायचं. तब्येत बरी असतानाचे आकडे माहीत नसतील तर आजार कळणार कसा? हा माझा हट्ट आहे आणि मी तो कुठल्याही बोटीवर सोडत नाही.

रात्री काका आणि मी पहाऱ्यावर होतो, उजवीकडे काळोख, डावीकडे मच्छीमारांच्या दिव्यांची लांबच लांब रांग. काकांनी विचारलं हे मेंब्रेन शोधलं कुणी. तर त्यात आपला माणूस आहे! श्रीनिवास सौरिराजन म्हणून, मूळचे भारतातले, कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिसला सिडनी लोब यांच्यासोबत काम करत होते, १९६० च्या सुमारास त्या दोघांनी सेल्युलोज अॅसिटेटचं असं मेंब्रेन बनवलं की पहिल्यांदाच कामापुरतं गोडं पाणी मिळायला लागलं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात कोअलिंगा गावाला त्यावर पाणी सुरू झालं. आजची मेंब्रेन पॉलिअमाइडच्या पातळ थराची, ती नंतर १९७० च्या दशकात आली. काका बराच वेळ ह्यावरच बोलत होते, की घराघरात आरओ आहे आणि हे नाव कुणाला माहीत नाही. मलाही हे लागतं.

मंगळवार, मालपेच्या बाहेर

सकाळी वॉटरमेकर लावला आणि पाऊण तासात फिल्टरनंतरचं प्रेशर घसरलं. फिल्टरच्या आधी ठीक, नंतर कमी, म्हणजे फिल्टर तुंबला, ह्यात डोकं लावायला काही नाही. पण कालच नवीन घातलेला फिल्टर इतक्यात? ताई वरून ओरडली, "अरे, पाणी बघ जरा." बाहेर येऊन बघतो तर बोटीच्या दोन्ही बाजूंना पिवळट तपकिरी पट्टेच्या पट्टे, सुताराच्या दुकानातला भुसा कुणी समुद्रावर ओतावा तसे. हे ट्रायकोडेस्मियम. सूक्ष्म जीव आहे, फेब्रुवारी ते मेमध्ये समुद्र शांत आणि गरम असला की आपल्या पश्चिम किनाऱ्याला ह्याचा बहर येतो, हवेतला नायट्रोजन वापरतो म्हणून उपाशी पाण्यातसुद्धा वाढतो. बघायला सुंदर असतं पण फिल्टरला काळ.

इथे बरेच जण फिल्टर बदलत बदलत पुढे पाणी बनवत राहतात, मला ते पटत नाही. एकतर फिल्टरची काडतुसं (बदलायचे आतले भाग) संपतात आणि दुसरं म्हणजे बारीक झालेला तो चिखल आणि त्याचा रस ५ मायक्रॉनमधनं पुढे जातोच. टाकीत पाणी आहे ना, मग थांबायचं. सी-कॉक बंद, गोड्या पाण्याने फ्लश, स्ट्रेनर उघडून धुतला, २० मायक्रॉनचा घडीवाला फिल्टर बादलीत खळबळून दोरीवर वाळत घातला. दुपारी चारच्या सुमाराला पट्टे मागे पडले, निळं पाणी आलं, तरी अजून तासभर जाऊ दिला.

मित्राने तेवढ्यात सोलकढी केली होती. कोकम रत्नागिरीचं, नारळ पणजीच्या बाजारातला, पाणी कालचं आमचं.

बुधवार, कण्णूरसमोर

आज खरा दिवस. सुरू केल्यावर पंपाचा आवाज वेगळा, काल गुणगुण होती तिथे आज खडखड. हाय प्रेशरचा काटा थरथरतोय, ४५ वर जातो, खाली येतो, आणि बाहेर जाणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या काचेत बारीक बुडबुडे. ताबडतोब बंद केलं. हाय प्रेशर पंप प्लंजरचा, म्हणजे दट्ट्याचा, त्यात हवा गेली की आतल्या सीलची वाट लागते, "जरा वेळ चालू देऊ, होईल नीट" हे इथे अजिबात चालत नाही.

हवा कुठून येते ह्याचं गणित सोपं आहे. बूस्ट पंपाच्या पुढे गळती असेल तर पाणी बाहेर येतं, दिसतं, हाताला लागतं. बूस्ट पंपाच्या आधी असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते, आणि म्हणून ती दिसत नाही. म्हणजे शोधायची जागा फक्त सी-कॉक ते बूस्ट पंप, जेमतेम दीड मीटर. बोट कलती असती तर तळाचं भोकच पाण्याबाहेर येतंय का ते बघावं लागलं असतं, पण आम्ही इंजिनवर सरळ चाललो होतो, तो प्रश्न मिटला.

सगळ्यांचा संशय स्ट्रेनरच्या झाकणावर, कारण ते काल उघडलेलं. झाकण काढलं, ओ-रिंग (सील करणारी गोल रबरी कडी) पुसून उन्हात धरून बघितली, छान गोल होती, ना चपटी ना चिरलेली, खाचही स्वच्छ. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवून परत बसवली (व्हॅसलिन किंवा इंजिन ग्रीस नको, पेट्रोलियमचं काहीही मेंब्रेनच्या वाटेवर नको). सुरू केलं, बुडबुडे तसेच. मग काकांचा दाढीचा फोम मागितला. बूस्ट पंप एकटा चालू ठेवून एकेका जोडावर फोमचा गोळा लावत गेलो, जिथे हवा ओढली जाते तिथे फोममध्ये खड्डा पडतो आणि तो आत जातो. सी-कॉक ठीक, स्ट्रेनरची पहिली बाजू ठीक, दुसरी ठीक, आणि बूस्ट पंपाच्या तोंडाशी फोम सरळ गिळला गेला. होज तिथे इंजिनच्या गरम बाजूने जातो, उष्णतेने रबर कडक होऊन टोकाला केसाएवढी चीर गेली होती, क्लिप कितीही आवळली तरी ती चीर तशीच राहणार. टोकाचा दीड इंच कापला, होज थोडा ओढून परत चढवला, एकाच्या जागी दोन क्लिपा, दोघींचे स्क्रू विरुद्ध बाजूंना. दहा मिनिटांत पंप गुणगुणायला लागला. ५५ बार, ६० लिटर, २५० टीडीएस.

ताईने वहीत स्वतःहून नोंद केली, आणि बाजूला होजच्या त्या चिरीचं चित्र काढलं. मला फार बरं वाटलं.

गुरुवार ते शनिवार, कोची

मासेमारीच्या चिनी जाळ्यांच्या समोरून आत शिरलो, उजवीकडे फोर्ट कोची, पुढे वल्लारपाडमच्या क्रेन, मग बोळगट्टीचं मरिना. इथे वॉटरमेकरचा विषयच नाही, वेंबनाडचं गढूळ पाणी, चॅनलमध्ये ड्रेजर. इमिग्रेशन आणि कस्टमचे कागद काकांनी केले, ते सांगण्यासारखं काही नाही, फक्त वेळ लागतो.

पाणी मात्र इथे नळाचं भरलं, आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पॉलिअमाइडच्या मेंब्रेनला क्लोरीन अगदी थोडंसुद्धा चालत नाही, ते त्याला कायमचं खातं. त्यामुळे फ्लशच्या लाईनवर कार्बन फिल्टर हवाच, आणि तो जुना झाला की बदलायलाही हवा. पाच दिवसांतून एकदा फ्लश करा असं सांगतात, पण इथलं ऊन बघता मी तिसऱ्याच दिवशी केला.

शुक्रवारी एर्नाकुलमच्या बाजारात मी आणि मित्र. घरच्या आरओचं सामान विकणाऱ्या एका दुकानात १० इंची स्पन काडतुसं (गुंडाळलेल्या धाग्यांची) मिळाली, आमच्या भांड्यात तीच मापं बसतात. ट्रायकोडेस्मियमच्या दिवसासाठी ही उत्तम, स्वस्त, तुंबलं की टाका, चांगली घडीवाली जपून ठेवा. होज, स्टेनलेसच्या क्लिपा, ओ-रिंगा मापाने मोजून घेतल्या. दुकानदार फार प्रेमाने घरगुती मेंब्रेनही देत होता, ते ५५ बारला एका मिनिटात फाटेल, त्याला तसं सांगितल्यावर त्याने चहा पाजला आणि बोटीबद्दल शंभर प्रश्न विचारले.

रविवार आणि सोमवार, खुला समुद्र

कोची ते उलिगामू साधारण २६० सागरी मैल, नैऋत्येला सरळ रेघ. लक्षद्वीपचं मिनिकॉय उजव्या हाताला खूप लांब राहतं, त्याचं १८८५ सालचं दीपगृह बघायची फार इच्छा होती पण रस्त्यात येत नाही. वारा आला, ईशान्येचा, हलका पण खरा, सगळी शिडं लावून इंजिन बंद. ह्यासारखं सुख नाही.

संध्याकाळी वारा पडला, इंजिन लावलं, सोबत वॉटरमेकर. इथलं पाणी ३० अंशांच्या आसपास, आणि एकेका अंशाला मेंब्रेनचं उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी वाढतं. शिवाय हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं कमी खारं पाणी प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून इथवर येतं, त्यामुळे लागणारा दाबही कमी. म्हणून मी ५५ ऐवजी ५१ वर ठेवलं, ६० लिटर मिळाले की बास, जास्त पिळायचं नाही.

पण टीडीएस ८८०.

चव घेतली, जिभेवर हलकं मचूळ. म्हणजे मीटर खोटं बोलत नाहीये, तरी हातातल्या दुसऱ्या मीटरने तपासलं, तेही तेच. टाकीकडचा व्हॉल्व्ह आधीच समुद्राकडे होता म्हणून टाकी वाचली. आता विचार. गरम पाण्यात मीठ थोडं जास्त निसटतं, पण २५० चं ३०० होईल, ८८० नाही. दाब कमी केला की टीडीएस वाढतो, पण चार बारने इतका नाही. उत्पादन घटलं असतं आणि मीठ वाढलं असतं तर मेंब्रेनवर काहीतरी साचलंय म्हटलं असतं. इथे उत्पादन उलट जरासं जास्त होतं. पाणी जास्त आणि मीठही जास्त, म्हणजे कुठूनतरी खारं पाणी चोरवाटेने गोड्यात मिसळतंय.

दोन मेंब्रेन आहेत ह्याचा इथे फायदा. दोन्हींच्या गोड्या पाण्याच्या नळ्या वेगळ्या सोडवून वेगवेगळ्या ग्लासात पाणी घेतलं. पहिलं २६०. दुसरं १५००. काकांनी दोन्ही ग्लास हातात धरले, एक घोट ह्याचा एक त्याचा, आणि म्हणाले, "हा गुन्हेगार."

समुद्र सपाट होता म्हणून त्याच रात्री उघडायचं ठरवलं, लाटा असत्या तर मी सकाळपर्यंत हात लावला नसता. इंजिन बंद, प्रेशर पूर्ण शून्य झालंय हे काट्यावर बघून, व्हॉल्व्ह उघडून परत खात्री. दुसऱ्या नळकांड्याचं टोकाचं झाकण काढलं. मेंब्रेनच्या मधोमध जी गोड्या पाण्याची नळी असते ती झाकणातल्या भोकात शिरते आणि तिथे दोन लहान ओ-रिंगा असतात, एका बाजूला ५० बारचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला आपलं पिण्याचं, मधे फक्त त्या रिंगा. एक रिंग खाचेतून निघून पिळवटलेली, दुसरी चपटी. मेंब्रेन जागेवरून हलवलं नाही, बाहेरच्या कडेचं मोठं सील तर अजिबात छेडलं नाही, ते उलटं बसलं की नवीन दुखणं. कोचीच्या रिंगांतल्या मापाच्या दोन निवडल्या, ग्रीस लावलं, झाकण सरळ दाबून बसवलं, टॉर्च ताईच्या हातात.

अर्धा तास पाणी फेकलं. ३१०, मग २९०, मग २७५, तिथे थांबलं. मित्राने रात्री बारा वाजता सगळ्यांसाठी चहा टाकला, त्याच पाण्याचा.

ह्या प्रसंगी कुणी मेंब्रेनला ॲसिडने धुवायला घेतलं असतं तर? सायट्रिक ॲसिड क्षारांसाठी असतं, अल्कलीचं क्लीनर जैविक घाणीसाठी, दोन्हींना जागा आहे, पण दर धुण्याला मेंब्रेनचं आयुष्य थोडं कमी होतं, आणि इथे तर उपयोग शून्य होता. ग्लासात पाणी घेऊन बघायला पाच मिनिटं लागतात.

सोमवारी आठ डिग्री चॅनलमध्ये, म्हणजे मिनिकॉय आणि मालदीवच्या मधल्या समुद्रात, जहाजांची वर्दळ, एआयएसवर (आसपासच्या जहाजांची माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) एकामागून एक नावं, कोलंबो, सिंगापूर, सुवेझ. काका प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचत होते.

मंगळवार, उलिगामू

पहाटे माडांची काळी रेघ, मग पांढरी वाळू, मग तो विश्वास बसू नये असा निळा रंग. अधिकारी बोटीवरच आले, शिक्के मारले, फार सौजन्याने वागले. काकांनी त्यांना पाणी दिलं आणि आपल्याच बोटीवर बनलंय हे सांगितलं.

पाणी हा इथे गप्पांचा विषय होणारच, राजधानी मालेचं सगळं पिण्याचं पाणी समुद्रातूनच येतं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या प्लांटला आग लागली आणि एक लाखाहून जास्त लोक पाण्याविना राहिले. भारताने विमानांनी पाणी पाठवलं, आयएनएस सुकन्या पोचली, तिच्यावर स्वतःची आरओ यंत्रणा होती, मुंबईहून आयएनएस दीपक मोठा साठा घेऊन गेली. ऑपरेशन नीर. आमच्या वयाच्या एका अधिकाऱ्याला ते दिवस स्वच्छ आठवत होते, बाटल्यांच्या रांगा वगैरे. आणि लक्षद्वीपला कवरत्तीत २००५ पासून वेगळीच पद्धत आहे, वरचं कोमट पाणी व्हॅक्यूममध्ये उकळवायचं आणि साडेतीनशे मीटर खोलीच्या गार पाण्याने त्याची वाफ थंड करायची, मेंब्रेनच नाही, दिवसाला एक लाख लिटर. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने केलंय. परतताना ते बघायला मिळेल का ह्यासाठी काका परवानगीच्या खटपटीला लागलेत.

मी इथून हनिमाधूला स्पीडबोटने आणि पुढे विमानाने जाणार, बोट इथेच आणि मग खाली मालेपर्यंत. यंत्र ताईच्या ताब्यात दिलंय. आज तिने एकटीने सुरू करून, वही भरून, फ्लश करून बंद केलं, मी फक्त पायरीवर बसून होतो. ह्या लगूनमध्ये पाणी काचेसारखं आहे पण नांगराच्या साखळीने वाळू उडते, त्यामुळे भरतीच्या वेळी, वाळू खाली बसल्यावरच चालवायचं असं ठरलंय. कार्बन फिल्टर पुढच्या महिन्यात बदलायचा, दोन स्पन आणि चार ओ-रिंगा शिल्लक आहेत, त्या रिंगांचं माप वहीच्या पहिल्या पानावर आहे.